नाशिक जिल्ह्यासाठी फाउंडेशन काढताना: निधी, अनुदान आणि स्वयंसेवक

प्रश्न असा आहे: गंगापूर रोड भागातली दहा-बारा निवृत्त मंडळी आणि सातपूर-अंबडचे काही कारखानदार मिळून जिल्ह्यासाठी एक फाउंडेशन काढू पाहत आहेत. सुरुवातीला एक कोटीच्या आसपास रक्कम जमेल. पैसे वाटावेत, स्वतःचे प्रकल्प चालवावेत की स्वयंसेवक पुरवावेत? आणि सुरुवात कुठून करावी?

पैसे द्या आणि माणसे द्या. स्वतःचे प्रकल्प काढू नका. जिल्ह्यात शाळा आहेत, वाचनालये आहेत, महिलांचे बचत गट आहेत, अंध-अपंगांसाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्याकडे कामाची कमतरता नाही. हिशेब लिहायला माणूस, गळके छत दुरुस्त करायला साठ हजार, दोन महिने पगार भागवायला हातउसनी रक्कम, याची मात्र कायम चणचण असते. तुमच्या फाउंडेशनची जागा तिथे आहे. प्रत्येक देण्याआधी एकच प्रश्न विचारा: दोन वर्षांनी हे कोण सांभाळणार? याचे उत्तर नावानिशी मिळाले नाही, तर देणे थांबवा.

नेहमीचा ट्रस्ट एका कामासाठी असतो, शाळेसाठी, दवाखान्यासाठी किंवा मंदिरासाठी. तुमच्या कल्पनेतल्या फाउंडेशनमध्ये काम ठरलेले नसते, भूभाग ठरलेला असतो. त्या भागातले अनेक लोक आपापल्या ऐपतीने एका कायम निधीत भर घालतात, मुद्दल शाबूत राहते आणि उत्पन्नातून त्या त्या काळाची गरज भागते. ही रचना अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९१४ साली फ्रेडरिक गॉफ या वकील-बँकरने पहिल्यांदा उभी केली. मेलेल्या माणसाने घातलेल्या अटींमुळे पैसे निरुपयोगी पडून राहतात, ही त्याची मुख्य तक्रार होती. लोकांच्या पैशातून संस्था उभी करणे नाशिकला नवीन नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासून. नवे आहे ते एवढेच की इथे निधी एका संस्थेचा नसून अख्ख्या परिसराचा असतो.

‘फाउंडेशन’ नावाचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी काढता येते, पण महाराष्ट्रात तिलाही ट्रस्ट म्हणून नोंदवावे लागते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते, पण तिला कंपनी कायद्याची कागदपत्रेही सांभाळावी लागतात. तुमच्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचा साधा ट्रस्ट बरा. सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय नाशिकमध्येच आहे.

विश्वस्त सात ठेवा, एका घरातले दोन नकोत, मुदत पाच वर्षांची आणि सगळ्यांची एकदम संपणार नाही अशी. सातांपैकी दोघे तरी शहराबाहेरचे असू द्या, एखादे निवृत्त मुख्याध्यापक सुरगाण्याचे, एखाद्या बचत गटाच्या ताई येवल्याच्या. सगळे विश्वस्त कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचे असले, की पैसेही त्याच दोन रस्त्यांच्या आसपास फिरतात.

न्यासपत्र (ट्रस्ट डीड) वकिलाकडच्या छापील मसुद्यावरून करू नका. त्यात एक उद्देश हमखास राहून जातो: ‘इतर संस्था, शाळा, गट आणि व्यक्ती यांना अर्थसाहाय्य देणे’. हे वाक्य नसेल तर पुढे प्रत्येक अनुदानावर ऑडिटर बोट ठेवतो. दुसरे कलम हितसंबंधांचे हवे. अर्जदार संस्थेशी ज्या विश्वस्ताचे नाते आहे त्याने ते आधी सांगायचे, बैठकीतून उठायचे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हायची. विश्वस्ताच्या भाच्याच्या दुकानातून संगणक घेणे हा किरकोळ विषय नाही. संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांना अवाजवी फायदा झाला तर प्राप्तिकरातली सूट धोक्यात येते.

विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यायचा असतो. जिल्ह्यातल्या कितीतरी चांगल्या संस्था इथेच अडकतात. शेड्यूल एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, दहा वर्षांपूर्वी वारलेल्यांची नावे असतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि अनुदान मंजूर होऊनही खात्यात जात नाही. अशा संस्थेला पैशाआधी एक वकील आणि एक सीए द्या. तीच तिची खरी मदत.

आता प्राप्तिकर. इथे जुने, सगळ्यांच्या तोंडी असलेले क्रमांक लिहितो. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या प्राप्तिकर अधिनियम २०२५ मध्ये कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेले आहेत, तेव्हा अर्ज भरताना सीएकडून नवे क्रमांक घ्या. नव्या ट्रस्टला १२एबी (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसूट) ही दोन्ही तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची मिळते. नियमित नोंदणीचा अर्ज काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. ‘तीन वर्षे आहेत की’ म्हणून लोक बसून राहतात आणि काम तर पहिल्याच महिन्यात सुरू झालेले असते. काम कधी सुरू झाले ती तारीख इतिवृत्तात लिहून ठेवा.

तुमच्या एक कोटीचे काय होईल ते मांडून बघू. व्याज सात टक्के धरू, म्हणजे वर्षाला सात लाख. ट्रस्टला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करावी लागते. १५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार, शिल्लक ठेवता येतात. उरले ५ लाख ९५ हजार. इथे एक खाच आहे आणि ती देणाऱ्या संस्थांनाच टोचते. तुम्ही दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला अनुदान दिले, तर १ एप्रिल २०२३ पासून त्या रकमेच्या ८५ टक्केच तुमचा खर्च म्हणून धरले जातात. नुसती अनुदानेच देत राहिलात तर ५ लाख ९५ हजार खर्च दाखवायला पूर्ण सात लाख द्यावे लागतील. शिल्लक शून्य. शिष्यवृत्ती, शाळेच्या साहित्याचे थेट दुकानदाराला दिलेले बिल, समन्वयकाचा पगार हा मात्र पूर्ण खर्च धरला जातो. म्हणून मिश्रण ठेवा. तीन लाखांची अनुदाने आणि ३ लाख ४० हजारांचा थेट खर्च केला, तर धरला जाणारा खर्च बरोबर ५ लाख ९५ हजार होतो आणि साठ हजार हातात राहतात. हे गणित फेब्रुवारीत करा. ३१ मार्चच्या संध्याकाळी घाईघाईने चेक फाडणारी संस्था चुकीच्या माणसाला पैसे देऊन बसते.

साठ हजार मुद्दलात परत टाकले तरी महागाई भरून निघत नाही. म्हणून दरवर्षी निधीत नवी भर घालणे हे विश्वस्तांचे पहिले काम आहे. वर्षाला चार-पाच लाख नवे आले नाहीत, तर दहा वर्षांनी कागदावर कोटी तेवढाच राहील आणि त्यातून निघणारी शाळेची छपरे बरीच कमी होतील.

पैसे ठेवायचे कुठे? शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे. पतसंस्थेत एक रुपयाही नको, मग ती अर्धा-पाऊण टक्का जास्त देत असो वा तिचे चेअरमन विश्वस्तांचे मित्र असोत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत तरी विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. जिल्ह्यात ठेवी अडकलेल्या संस्थांची उदाहरणे सगळ्यांना ठाऊक आहेत.

मुद्दलासाठी आलेली देणगी वेगळी ओळखता आली पाहिजे. देणगीदाराने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे लेखी दिले असेल तरच ती कायम निधीत जाते. तोंडी सांगितलेले चालत नाही. यासाठी पावती पुस्तकातच दोन चौकोन छापून घ्या: ‘कायम निधी’ आणि ‘चालू खर्च’, आणि त्याखाली देणगीदाराची सही. पावतीवर ट्रस्टचे नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, पॅन, ८०जी चा क्रमांक व तारीख, देणगीदाराचे पॅनवर आहे तसेच नाव आणि रक्कम कशाने आली ते, एवढे हवे. दोन हजारांच्या वर रोख दिले तर ८०जी ची सूट नाही. वर्षभराच्या देणग्यांचे १०बीडी हे विवरण ३१ मेपर्यंत भरावे लागते, त्यानंतरच देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र काढून देता येते. उशिराला रोज दोनशे रुपये. मे महिन्यात पन्नास जणांना पॅनसाठी फोन करत बसण्यापेक्षा पॅनशिवाय पावती फाडायचीच नाही हा नियम करा.

आणि देणगी मागताना करसवलतीवर भर देऊ नका. सूट ५० टक्के रकमेवर, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. नव्या प्रणालीत गेलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. त्याला काम दाखवा.

आई-वडिलांच्या नावाने निधी ठेवण्याची इच्छा नाशिककरांमध्ये पुष्कळ आहे आणि ती फाउंडेशनची मोठी ताकद होऊ शकते. नावाच्या निधीची किमान रक्कम दोन लाख ठेवा. सात टक्क्यांनी वर्षाला चौदा हजार निघतात, एका मुलीचा वसतिगृहाबाहेरचा वर्षाचा किरकोळ खर्च त्यात भागतो. अट मात्र रुंद लिहून घ्या. ‘अमुक शाळेत दहावीला गणितात पहिला येणाऱ्यास’ अशी अट पंधरा वर्षांनी फास ठरते. शाळा बंद पडते, तुकडी बदलते, आणि अट बदलायची तर न्यायालयाची पायरी. ‘पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील मुलींच्या शिक्षणासाठी, हे शक्य न राहिल्यास विश्वस्त ठरवतील त्या जवळच्या शैक्षणिक कारणासाठी’ एवढे पुरते. एखाद्या ज्ञातीपुरती शिष्यवृत्ती ठेवायची विनंती येईल. ती नम्रपणे नाकारा. विशिष्ट धर्म किंवा जातीपुरता लाभ ठेवला तर करसूट जाते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले हे अपवाद आहेत.

परदेशी गेलेल्या मुलांचे पैसे येऊ शकतात, पण पासपोर्ट बघून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ती साधी देणगी. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले त्याची रक्कम परदेशी देणगी ठरते, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले तरी. तिला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे दुसऱ्या संस्थेला देताच येत नाहीत. देणे हेच ज्यांचे काम, त्यांनी पहिली काही वर्षे त्या वाटेला जाऊ नये. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायच्या पैशाचेही, असेच. कंपन्या बाहेरच्या संस्थेकडे तीन वर्षांचा अनुभव मागतात, कारण नियमच तसा आहे, आणि सीएसआरची रक्कम कायम निधीत टाकता येत नाही. अंबडच्या कारखानदारांनी आता वैयक्तिक देणगी द्यावी. त्याहून चांगले म्हणजे तिघा-चौघांनी मिळून समन्वयकाच्या पगाराची तीन वर्षांची हमी घ्यावी. ‘आमचा शंभर टक्के पैसा गरजूंना जातो’ असे छापणाऱ्या संस्थेत अर्ज तपासायला, जागेवर जायला, हिशेब मागायला कोणी नसते. पगारी माणूस एक तरी हवाच.

अनुदानाची पद्धत सोपी ठेवा, पण पाळा. अर्ज मराठीत, दोन पानांचा. काय करायचे, किती लोकांना, किती रुपयांत, कोण करणार, नंतर कोण सांभाळणार. रक्कम २५ हजार ते दीड लाख. सोबत नोंदणी, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट, शेड्यूल एकचा ताजा उतारा. मग प्रत्यक्ष भेट, एक विश्वस्त आणि एक बाहेरचा जाणकार. रक्कम तीन हप्त्यांत: निम्मी करार झाल्यावर, चाळीस टक्के अर्ध्या कामाचे फोटो आणि बिले बघून, उरलेली दहा टक्के उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आल्यावर. शेवटचे दहा टक्के हातात ठेवले नाहीत तर प्रमाणपत्र येत नाही. लोक वाईट असतात असे नव्हे, पुढच्या कामात गुंततात.

नोंदणी नसलेल्या गटाला, म्हणजे बचत गट, तरुण मंडळ, पाड्यावरची पाणी समिती यांना, रोख देऊ नका आणि नुसते नाकारूही नका. बिल फाउंडेशनच्या नावाने घ्या, पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात भरा. वस्तू जिल्हा परिषद शाळेला द्यायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी घ्या आणि वस्तू शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढली का ते पान बघून या. रजिस्टरला नसलेला प्रोजेक्टर मुख्याध्यापकांची बदली झाली की कोणाचाच राहत नाही.

गावाचा वाटा घ्या. दहा टक्के पुरे, श्रमदान धरून. पण घरटी पन्नास रुपये का होईना, रोख वर्गणी हवी. पन्नास रुपये दिलेली बाई नळ गळायला लागला की सरपंचाला विचारते.

जिल्हा एकसारखा नाही, हे अर्ज वाचताना समोर ठेवा. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, येवला-नांदगावात पाचशेच्या आसपास. तरीही उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर असतेच. काळ्या कातळात पाणी मुरत नाही, डोंगरउतारावरून ते दमणगंगा, नार, पार यांच्या वाटेने गुजरातकडे निघून जाते. ऑगस्टमध्ये पेठला पाहणीला गेलात तर चहूकडे धबधबे दिसतील आणि पाण्याचा अर्ज खोटा वाटेल. पाण्याची पाहणी मे महिन्यातच करायची, सकाळी साडेपाचला, विहिरीवर. आधी कळवून गेलात तर त्या दिवशी टँकर आलेला असतो.

शाळेला पाणी हे काम जवळून बघू, कारण देणगीदारांना ते फार आवडते आणि फसतेही फार. पहिली कल्पना नेहमी आरओ मशीनची असते. ते घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजा. मीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. डोंगरी पाड्यांवरचे पाणी बहुधा त्याच्या बरेच खाली असते. तिथे क्षार काढायचे नसतात, जंतू मारायचे असतात, आणि त्याला आरओ लागत नाही. मशीन मात्र वीज मागते, दर तासाला पाणी वाया घालवते, वर्षाने फिल्टर बदलायला मागते. शाळेचे वीजबिल थकले की कोपऱ्यात धूळ खात उभे राहते, देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र चकचकीत.

त्याऐवजी छपरावरचे पाणी. सहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब छप्पर म्हणजे नव्वद चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गळती-उडती धरून ८० टक्के हाती लागते, म्हणजे शंभर मिलिमीटरला ७,२०० लिटर. दहा हजार लिटरची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली) टाकी पेठच्या पावसात आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. साठ मुलांना रोज तीन लिटर धरले तर ती टाकी पंचावन्न दिवस पुरते. पण त्यासाठी ती दिवाळीनंतर कुलूपबंद ठेवून मार्चमध्ये उघडायला हवी. पावसाळ्यानंतर उघडी राहिली तर जानेवारीतच रिकामी. पहिल्या पावसाचे पाणी टाकीत जाऊ द्यायचे नाही. छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यात येते. नव्वद चौरस मीटरला पहिले नव्वद-शंभर लिटर बाहेर सोडणारा उभा पाइप आणि खाली झाकण लावले की झाले. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ. जाळी नसेल तर डास. तोटी तळापासून चार-पाच इंच वर, गाळ खाली राहावा म्हणून. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, मग अर्धा तास थांबायचे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निम्मीही काम करत नाही.

बिघडते काय? टाकी नाही बिघडत. पन्हाळीचा क्लिप माकडे उडी मारून तोडतात, पन्हाळ एका बाजूला झुकते आणि सगळे पाणी भिंतीवर जाते. किंवा तोटी तुटते. शंभर-दीडशे रुपयांची तोटी कोणी आणायची, यावर लाखाचे काम बंद पडते. म्हणून बांधकामाच्या अनुदानातच तीन वर्षांच्या देखभालीचे पाच ते दहा टक्के धरा, ते शाळा समितीच्या खात्यात वर्षाला एकदा टाका, आणि दर मेअखेर पन्हाळ साफ करून फोटो पाठवल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

स्वयंसेवकांकडे पैशाइतक्याच काटेकोरपणे बघा. नावे नोंदवणारे पुष्कळ असतात. यादीतले निम्मे येतील असे धरूनच काम आखा. जे टिकतात ते मुख्यतः तीन गोष्टींवर: काम काय ते आधी माहीत असते, गेल्यावर काम तयार असते, आणि दोन तासांनी सुटका होते. प्रत्येक कामाचा एक पानी कागद करा. कुठे, कधी, किती वेळ, कोणाला विचारायचे, बसभाडे कोण देणार. एसटीचे तिकीट फाउंडेशनने द्यावे. निवृत्त माणूस मागणार नाही, पण चार फेऱ्यांनंतर येणे बंद करेल. वीस-पंचवीस नियमित स्वयंसेवकांमागे एक पगारी समन्वयक लागतो, त्याहून जास्त त्याला झेपत नाहीत.

शंभर जणांनी एका रविवारी घाट झाडण्यापेक्षा एका सीएने वर्षभर चार संस्थांचे हिशेब लावून देणे फाउंडेशनच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे. नाशिकमध्ये निवृत्त अभियंते, बँक अधिकारी, परिचारिका, शिक्षक भरपूर आहेत. त्यांच्याकडून श्रमदान मागू नका, त्यांचे कसब मागा. अभियंत्याला त्या पन्हाळीचा उतार बघायला पाठवा.

मुलांबरोबर काम असेल तिथे नियम कडक हवेत. पोलीस पडताळणी झाल्याशिवाय कोणी नाही, मग माणूस कितीही ओळखीचा असो. एक मोठा आणि एक मूल बंद खोलीत कधीच नाही. पोक्सो कायद्याखाली मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, ‘संस्थेचे नाव जाईल’ म्हणून दाबणे गुन्हा आहे. हे पहिल्याच प्रशिक्षणात स्पष्ट सांगा.

वेळापत्रक शेतीकडे बघून लावा. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीत आणि जानेवारी ते मार्चच्या काढणीत निफाड-दिंडोरीचा माणूस सभेला येणार नाही. त्याच महिन्यांत सुरगाणा-पेठचे मजूर बागांवर कामाला आलेले असतात, त्यामुळे पाड्यावरचा प्रौढ वर्ग ओस आणि मुले आजीकडे किंवा बागेच्या कडेला. शिकवायला स्वयंसेवक हवेत ते तेव्हा बागांच्या वस्तीवर.

पुरासाठी वेगळा निधी आधीच बाजूला ठेवा, दोन लाख तरी. गोदावरीला पूर आला की शहरात नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाण्याची पातळी सांगतात, पण सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलेले असते त्याकडे शहराचे लक्ष उशिरा जाते. तीन विश्वस्तांनी फोनवर मिळून पन्नास हजारांपर्यंत खर्च २४ तासांत मंजूर करावा आणि पुढच्या बैठकीत कायम करावा, असा ठराव आत्ताच करून ठेवा. पहिल्या तीन दिवसांत लागते ते पिण्याचे पाणी, ओआरएस, ताडपत्री, सॅनिटरी पॅड, ब्लीचिंग पावडर, फावडी आणि गमबूट. जुने कपडे घेऊच नका. ढीग येतात, निवडायला वीस माणसे दोन दिवस अडकतात, ओले गाठोडे कुजते आणि शेवटी ते नगरपालिकेच्या गाडीत टाकावे लागते. कपडे द्यायचेच असतील तर तिथल्याच दुकानातून नवे घ्या. त्या दुकानातही पाणी शिरलेले असते.

सिंहस्थाच्या काळात देणगीचा ओघ रामकुंडाकडे आणि त्र्यंबकेश्वरकडे वळेल, ते साहजिक आहे. त्यासाठी प्रथमोपचार शिकलेले स्वयंसेवक तयार करा आणि ते प्रशासनाच्या नियोजनात नोंदवून द्या. स्वतःचा वेगळा मंडप टाकून गर्दीत भर घालू नका. शिष्यवृत्ती आणि शाळांची अनुदाने त्या वर्षी कमी होऊ नयेत म्हणून सिंहस्थाचे खाते वेगळे ठेवा.

पहिले वर्ष असे लावा. नोंदणीला लागणाऱ्या महिन्यांत जिल्ह्यातल्या चाळीस-पन्नास संस्थांना भेटून एक वही भरा: काम काय, कोण चालवते, ऑडिट कुठपर्यंत, काय अडले आहे. ही वही हेच तुमच्या फाउंडेशनचे पहिले भांडवल. नोंदणी झाली की पाच-सहा लहान अनुदाने द्या, ५० हजारांच्या आतली, वेगवेगळ्या तालुक्यांत. एक पूर्वेला नांदगावकडे, एक पश्चिमेला पेठकडे तरी हवे. आणि पेठच्या शाळेची टाकी दिली असेल तर तिचा शेवटचा हप्ता देण्याआधी पुढच्या मे महिन्यात जाऊन तोटी उघडून बघा.